गाईची, कुत्र्याचे, सिंहाची : नाम गिळून बसलेली लॅटिन विशेषणं

ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात मार्कुस पोर्कियुस कातो या रोमन गृहस्थाने शेतीवर एक पुस्तक लिहिलं. लॅटिन गद्यातलं, आज पूर्ण हाती असलेलं हे सर्वांत जुनं पुस्तक. मजूर कसे सांभाळावेत, ऑलिव्ह कधी तोडावेत, कोबी खाल्ल्याने काय काय बरं होतं, असं सगळं त्यात आहे. मध्येच खताचा विषय येतो. कातो सांगतो की कबुतराचं खत गवताच्या रानात, बागेत नाहीतर पिकात पसरावं. आणि शेळीचं, मेंढीचं, गाईबैलाचं, बाकी जे काही असेल ते सगळं काळजीपूर्वक साठवून ठेवावं.

हे वाक्य मराठीत आणायचं म्हटलं की शेतकऱ्याच्या घरातला माणूस लगेच अडखळतो. कारण गाईबैलाचं ते शेण, शेळीमेंढीच्या त्या लेंड्या, घोड्यागाढवाची ती लीद आणि कबुतराची ती शीट. आपल्याकडे प्रत्येकाला स्वतंत्र नाम आहे. ‘शेळीचं शेण’ असं कोणी म्हणालं, तर त्याने शेळी कधी पाळली नाही हे शेजाऱ्याला कळतं. कातोकडे मात्र सगळ्यांना मिळून एकच नाम आहे, ‘स्तेर्कुस’. फरक दाखवायचा तो त्याने विशेषणं लावून: कोलुम्बीनुम म्हणजे कबुतराचं, काप्रीनुम म्हणजे शेळीचं, ओविल्लुम म्हणजे मेंढीचं, बूबुलुम म्हणजे गाईबैलाचं. मराठीने इथे नामं वाढवली, लॅटिनने विशेषणं.

हीच विशेषणं पुढे इंग्रजीच्या वाटेने आपल्यापर्यंत आली. जनावरांच्या दवाखान्यातल्या बाटल्यांवर, औषधांच्या कागदावर, प्राणिशास्त्राच्या पुस्तकात ती भेटतात: कॅनाइन (कुत्र्याचं), फेलाइन (मांजराचं), बोवाइन (गाईबैलाचं), इक्वाइन (घोड्याचं). विद्यार्थी ती अवघड पारिभाषिक शब्द म्हणून पाठ करतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण मुळात हे शब्द शेतातले, खाटकाच्या दुकानातले आणि दुधाच्या चरवीजवळचे आहेत. आणि मराठी माणसाला ते समजायला इंग्रजी माणसापेक्षा कितीतरी सोपे जायला हवेत. त्यांना लागणारं सगळं व्याकरण आपण रोज बोलतोच.

आपण म्हणतो: कुत्र्याचा पट्टा, कुत्र्याची शेपटी, कुत्र्याचं पिल्लू. कुत्रा तोच, पण पुढचं नाम पुल्लिंगी असेल तर ‘चा’, स्त्रीलिंगी असेल तर ‘ची’, नपुंसकलिंगी असेल तर ‘चं’. म्हणजे शब्द कुत्र्याशी जोडलेला, पण लिंग मात्र पुढच्या नामाचं. इंग्रजीत असं काही होत नाही, तिथे डॉगपुढे एक ठरलेली खूण लागते आणि काम भागतं. लॅटिनमध्ये मात्र थेट आपल्यासारखं होतं. कुत्रा म्हणजे कानिस. त्यावरून कानीनुस, कानीना, कानीनुम. कुत्र्याचा, कुत्र्याची, कुत्र्याचं. तीन लिंगं, तीन रूपं. कातोच्या वाक्यातली विशेषणं ‘उम’ने संपतात, कारण स्तेर्कुस हे नाम लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी आहे.

दुसरी ओळखीची गोष्ट म्हणजे सामान्यरूप. घोडा या शब्दाला आपण ‘चा’ सरळ चिकटवत नाही. घोड्या-चा असं म्हणतो. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द थोडा वाकतो. लॅटिनमध्येही तेच. सिंह म्हणजे लेओ, पण प्रत्यय लागताना त्याचं अंग लेओन- होतं, म्हणून लेओनीनुस. साप म्हणजे सेर्पेन्स, त्याचं सेर्पेन्तीनुस. बैल किंवा गाय म्हणजे बोस, त्याचं अंग बोव-. शाळेत आपल्याला सामान्यरूप शिकवताना ज्या कोणी छडी दाखवली असेल, त्यांनी नकळत आपली लॅटिनची अर्धी तयारी करून घेतलेली आहे.

उरला तो ‘-ईनुस’ प्रत्यय. त्याचा सगळ्यांत सरळ अर्थ ‘त्याच्याशी संबंधित, त्याच्यापासूनचा, त्याच्यासारखा’. तो फक्त जनावरांना लागतो असंही नाही. समुद्र म्हणजे मारे, त्यावरून मारीनुस. लातिउम हा रोमच्या भोवतालचा प्रदेश, तिथला तो लातीनुस. म्हणजे ज्या भाषेविषयी आपण बोलतो आहोत, तिच्या नावातच हा प्रत्यय बसलेला आहे.

पण इथे एक बारीक फरक आहे आणि तो नीट कळला तर पुढचं सगळं उलगडतं. लॅटिनमध्ये षष्ठी विभक्तीही आहे. ‘सिंहाचं’ हे षष्ठीने सांगायचं तर लेओनिस. मग विशेषण कशाला हवं? कारण षष्ठीने एखाद्या सिंहाचा मालकी हक्क सांगता येतो, तर विशेषणाने जात सांगितली जाते. या सिंहाचं कातडं एक, आणि सिंहाचं म्हणून जे कातडं असतं ते वेगळं. मराठीतला ‘चा’ ही दोन्ही कामं एकटाच करतो. ‘कुत्र्याचा पट्टा’ म्हटलं तर तो आपल्या मोत्याच्या गळ्यातला पट्टा असेल, किंवा दुकानात टांगलेला, अजून कोणत्याच कुत्र्याचा न झालेला पट्टाही असेल. लॅटिनला हे दोन अर्थ वेगळे ठेवता येत होते. आणि जात सांगणारा शब्द हाती असला की बाजारात त्याचा मोठा उपयोग होतो, कारण बाजारात कोणी विचारत नाही की दूध कोणत्या शेळीचं. विचारतात ते एवढंच, की शेळीचं की गाईचं.

म्हणून रोमन बाजारात ही विशेषणं मनसोक्त चालली. शेळीचं दूध काप्रीनुम, गाढविणीचं आसिनीनुम. हे गाढविणीचं दूध काही गंमत म्हणून नव्हतं. सम्राट नीरोची बायको पोप्पेआ प्रवासात पाचशे गाढविणी बरोबर नेत असे आणि त्यांच्या दुधाने अंघोळ करत असे, असं थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलं आहे. आपल्याकडेही गाढवीण घेऊन गल्लीबोळांतून फिरणारे आणि लहान मुलांच्या खोकल्यावर म्हणून चमचाभर दूध ताजं पिळून देणारे लोक आहेतच. शब्द वापरातला होता, कारण वस्तू वापरातली होती.

आता मांसाचं दुकान. मांस म्हणजे कारो, आणि हे नाम स्त्रीलिंगी. तेव्हा डुकराचं मांस झालं कारो पोर्कीना, कोकराचं आग्नीना, वासराचं वितुलीना, गाईबैलाचं बूबुला. पण रोमन माणूस खाटकासमोर उभा राहून इतकं लांबलचक कशाला बोलेल? तो नुसतं पोर्कीना म्हणायचा, आग्नीना म्हणायचा. मांस हा शब्द गळून पडला. स्त्रीलिंगी रूप तेवढं मागे राहिलं, आणि त्या रूपावरूनच ऐकणाऱ्याला कळायचं की गळून पडलेलं नाम कोणतं.

हे परकं वाटतंय का? पैठणी आठवून पाहा. पैठणी हे मूळ विशेषण आहे, पैठणची ती पैठणी. पुढे साडी हा शब्द होता, तो केव्हाच गेला. आज आपण ‘तिने पैठणी नेसली’ म्हणतो तेव्हा साडी शब्द मनातसुद्धा येत नाही. ‘कोल्हापुरी’ घातली म्हटलं की पायातल्या चपला दिसतात. आणि दारूच्या गुत्त्यावर ‘पहिल्या धारेची’ असं म्हटलं की पुढचं स्त्रीलिंगी नाम कोणालाच सांगावं लागत नाही. विशेषणाने नाम गिळून टाकायचं, आणि ‘ची’ ही खूण फक्त ओठांवर ठेवायची.

संस्कृतात हे फार जुनं आहे. गाईपासूनचं ते गव्य, आणि अशी पाच गव्यं ती पंचगव्य: दूध, दही, तूप, गोमूत्र, शेण. पदार्थाचं नाव एकाही ठिकाणी घेतलेलं नाही. पाणिनीने तर प्राण्यांच्या नावांवरून ‘त्यापासून झालेलं’ या अर्थाची विशेषणं कशी करायची याचा वेगळा नियमच दिला आहे. कपोताचं ते कापोत, मयूराचं ते मायूर. लॅटिन शब्दाच्या शेवटाशी खेळते, तर संस्कृत त्याबरोबर शब्दाच्या पहिल्या स्वरालाही फुगवते, एवढाच फरक. आणि नाम गिळलं की घोटाळा कसा होतो याचं उदाहरण संस्कृत पंडित शतकानुशतकं विद्यार्थ्यांना देत आले आहेत: ‘सैंधव आण.’ सिंधू प्रदेशातलं ते सैंधव. जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. दोन्ही सिंधूकडचेच, दोन्ही नामं गिळलेली. प्रसंगावरून काय ते समजायचं.

आता हे सूत्र हातात धरून आपल्याला येऊन पोचलेले लॅटिन शब्द पाहिले की ते एकेक करून उघडतात.

पहिला दातांचा. दंतवैद्य ज्याला कॅनाइन म्हणतात तो आपला सुळा. इंग्रजी शिकलेला विद्यार्थी गोंधळतो की एकदा कॅनाइन म्हणजे कुत्र्याचं आणि एकदा दात, हे काय? पहिल्या शतकातल्या सेल्सुस या रोमन लेखकाच्या वैद्यकावरच्या ग्रंथात माणसाच्या तोंडाचं वर्णन आहे, त्यात हे दात येतात ते ‘कुत्र्याचे दात’ म्हणूनच. माणसाच्या तोंडातले चार कुत्र्याचे दात! इथे मालकी नाही, जात आहे. कुत्र्यासारखे, कुत्र्याच्या जातीचे. पुढे दात हा शब्द गळला आणि ‘कुत्र्याचे’ एवढंच उरलं. मराठीने मात्र त्याच दाताकडे पाहून सूळ पाहिला. मला आपला शब्द जास्त आवडतो, तो बोटाला टोचतो.

दुसरा एका पक्ष्याचा. पिंजऱ्यात ठेवतात तो पिवळा, गोड गाणारा कॅनरी. आफ्रिकेच्या वायव्येला अटलांटिक महासागरात काही बेटं आहेत. उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरेटानियाचा राजा युबा याने त्यांची माहिती मिळवली, आणि ती सांगताना प्लिनी लिहितो की त्यातल्या एका बेटाला कानारिया म्हणतात, कारण तिथे प्रचंड आकाराचे कुत्रे पुष्कळ आहेत. त्यातले दोन युबासाठी आणलेही गेले. इथे प्रत्यय ‘-ईनुस’ नाही, ‘-आरियुस’ आहे, पण काम तेच. कानारिया म्हणजे कुत्र्यांचं, आणि पुढचं ‘बेट’ हे नाम लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी असल्यामुळे शेवट ‘आ’ने. बेट शब्द गळला. मग त्या बेटांवरच्या चिमुकल्या पक्ष्याला बेटांचं नाव मिळालं, आणि शेवटी पिंजऱ्यात गाणारा पक्षी ‘कुत्र्यांची’ असं नाव घेऊन बसला. कॅनरी बेटांच्या राजचिन्हावर आजही ढालीच्या दोन्ही बाजूंना दोन कुत्रे उभे आहेत.

वासराच्या कातड्याचीही अशीच वाट. मध्ययुगात युरोपात चांगल्या पोथ्या वासराच्या कमावलेल्या कातड्यावर लिहीत. वासरू म्हणजे वितुलुस, त्याचं ते वितुलीनुस. फ्रेंच लोकांच्या तोंडात तो शब्द झिजत झिजत वेलँ झाला, इंग्रजीत व्हेलम. आज व्हेलम म्हणजे उंची कागद, आणि त्यातलं वासरू कोणाला दिसत नाही.

सिंहाची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण तिथे नाम गिळलेलं नाही, पण ती सांगायलाच हवी. रोमन कायद्यात भागीदारीला सोकिएतास म्हणत. प्रश्न असा आला की दोघांनी भागीदारी करायची, पण सगळा नफा एकाचा आणि सगळा तोटा दुसऱ्याचा, असं चालेल का? उल्पियानुस या कायदेपंडिताने नोंदवून ठेवलं आहे की कास्सियुस या आधीच्या जाणकाराने उत्तर दिलं, अशी भागीदारी होऊच शकत नाही. आणि तो तिला ‘सोकिएतास लेओनीना’, म्हणजे सिंहाची भागीदारी, असं म्हणत असे. मागे ती इसापाच्या परंपरेतली गोष्ट आहे: सिंहाबरोबर बाकीच्या प्राण्यांनी शिकार केली, आणि वाटण्या करायची वेळ आली तेव्हा सिंहाने एकेक कारण सांगत सगळेच वाटे आपल्याकडे ओढले. फ्रान्समध्ये वकील अजूनही अशा एकतर्फी कलमाला ‘सिंही कलम’ म्हणतात आणि न्यायालयं ते मानत नाहीत. मराठी वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळणारा ‘सिंहाचा वाटा’ त्याच गोष्टीतून, इंग्रजीमार्गे आला. पण येताना त्याची धार गेली. आपण ‘विजयात अमुक फलंदाजाचा सिंहाचा वाटा’ असं कौतुकाने म्हणतो. गोष्टीतल्या सिंहाने दुसऱ्याला काहीच ठेवलं नव्हतं, आणि रोमन वकिलाला तीच गोष्ट खटकली होती.

कातोकडे परत जाऊ, कारण त्याच्या नावातच एक जनावर आहे. तो पोर्कियुस कुळातला, आणि पोर्कुस म्हणजे डुक्कर. त्याच्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी वार्रो नावाचा विद्वान, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, शेतीवर लिहिताना म्हणतो की रोमन लोक मूळचे मेंढपाळच; नाहीतर पोर्कियुस, ओविनियुस, काप्रिलियुस, तौरियुस अशी आडनावं कुठून आली असती? डुक्कर, मेंढी, शेळी, बैल. त्याला या नावांची लाज वाटत नाही, उलट तो ती पुरावा म्हणून अभिमानाने मांडतो. आपल्याकडची लांडगे, कोल्हे, वाघ, गरुड, घोडके ही आडनावं ऐकताना मला वार्रोची आठवण होते.

इथे एक गैरसमज दूर करतो. लोकांना वाटतं की बोवाइन हा अस्सल रोमन शब्द. तसं नाही. बोवीनुस हे रूप फार उशिरा, लॅटिनच्या उतरत्या काळात दिसतं. कातो, वार्रो आणि त्यांच्या काळचे लोक म्हणायचे बूबुलुस. मेंढीसाठीही त्यांचा शब्द ओविल्लुस होता, ओवीनुस नंतरचा. म्हणजे जिवंत भाषेत एकाच साच्याचे शब्द नव्हते; कुठे ‘-ईनुस’, कुठे ‘-उलुस’, कुठे ‘-इल्लुस’. नंतरच्या लोकांनी सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. आपल्याकडेही असंच असतं. पैठणची ती पैठणी, पण येवल्याची ती येवली होत नाही, येवल्याचीच राहते. साचा आधी असतो असं आपल्याला वाटतं, पण बोलणारे लोक आधी असतात.

मग इंग्रजीने हे सगळे शब्द का उचलले? त्यांच्याकडे कुत्र्याला, गाईला, घोड्याला स्वतःचे छोटे शब्द होतेच. पण तिथली विद्वत्ता कित्येक शतकं लॅटिनमधून चालायची, आणि शास्त्र लिहायला बसलेल्या माणसाला विशेषण हवं असलं की तो लॅटिनकडे वळायचा. त्यामुळे इंग्रजीत नाम घरचं आणि विशेषण परगावचं अशी जोडी झाली. काऊ आणि बोवाइन, कॅट आणि फेलाइन, हॉर्स आणि इक्वाइन. ऐकायला दोन्हींत काहीच सारखं नाही.

हसू नका, आपणही हेच करतो. घरात मांजर, पण वाघसिंहांचं कुळ मात्र मार्जारकुळ. दारात कुत्रा, पण पोलिसांकडे श्वानपथक. टांग्याला घोडा, पण इंजिनाला अश्वशक्ती. साप चावला तर दवाखान्याच्या कागदावर सर्पदंश. इंग्रजीला लॅटिन जशी, तशी मराठीला संस्कृत. म्हणून मुलांना हे शिकवताना मी फेलाइनचा अर्थ ‘मांजराचं’ असा सांगत नाही, ‘मार्जार-’ असं सांगतो. वजन लगेच जुळतं.

आणि वजनाखाली रक्ताचं नातंही आहे. लॅटिन आणि संस्कृत एकाच जुन्या घराण्यातल्या, त्यामुळे जनावरांची कितीतरी नावं मुळात एकच. एक्वुस आणि अश्व. कानिस आणि श्वन्. ओविस आणि अवि, म्हणजे मेंढी. मूस आणि मूष, ज्याचा मूषक गणपतीच्या पायाशी बसतो. आन्सेर म्हणजे राजहंसाच्या कुळातलं बदक, आणि तो आपला हंस. उर्सुस आणि ऋक्ष, म्हणजे अस्वल. बोस आणि गो. तेव्हा बोवाइन आणि गव्य हे शब्द एकमेकांसमोर ठेवले, तर दोन्हीकडे गाय तीच आणि ‘तिचं’ म्हणण्याची रीतही तीच.

प्रत्ययाचंही गोत मोठं आहे. इंग्रजीतल्या वुडन, गोल्डनमधला शेवट हा या ‘-ईनुस’चाच जर्मेनिक भाऊबंद. आणि स्वाइन हा शब्दसुद्धा मुळात नाम नव्हे, ‘डुकराचं’ या अर्थाचं प्राचीन विशेषण. नाम गिळून तेच पुढे डुक्कर झालं. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, शहरभर लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागले, तेव्हा घराघरांत उच्चारला गेलेला हा शब्द किती हजार वर्षांचा आहे हे लक्षात येण्याची ती वेळ नव्हती. आज सांगायला हरकत नाही.

अस्वलाचा विषय निघालाच आहे तर आपल्या अस्वलाचं सांगतो. मेळघाटात, ताडोब्यात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात दिसणारं, वारुळं उकरून वाळवी ओढून खाणारं, मोहाच्या फुलांवर जीव असणारं काळं केसाळ अस्वल. त्याचं शास्त्रीय नाव मेलुर्सुस उर्सीनुस. पहिल्या शब्दात मध आणि अस्वल, दुसऱ्याचा अर्थ अस्वलासारखा. अस्वलालाच ‘अस्वलासारखा’ म्हणण्याचं कारण काय? १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने या प्राण्याचं वर्णन केलं तेव्हा त्याची लांब वाकडी नखं आणि वरच्या पुढच्या दातांतले दोन नसलेले दात पाहून त्याला वाटलं की हा दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लटकणाऱ्या स्लॉथचा नातलग असावा. त्याने त्याला ब्रादिपुस उर्सीनुस, म्हणजे ‘अस्वलासारखा स्लॉथ’ असं नाव दिलं. चूक लवकरच उमगली, नावातला पहिला शब्द बदलला. पण नामकरणाच्या नियमाप्रमाणे जुनं विशेषण टिकतं, म्हणून ‘अस्वलासारखा’ तसाच राहिला. इंग्रजीत तर त्याला अजून स्लॉथ बेअरच म्हणतात. मेळघाटातल्या कोणाही माणसाने पाहता क्षणी सांगितलं असतं की हे अस्वल आहे.

शास्त्रीय नावांतही लिंगाचा मेळ पाळावा लागतो हे जाता जाता पाहून घ्या. मेलुर्सुस पुल्लिंगी म्हणून उर्सीनुस. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवरच्या सीलचं नाव फोका वितुलीना, वासरासारखी, कारण फोका स्त्रीलिंगी. कुत्र्याच्या आतड्यात होणाऱ्या आकडेकृमीचं नाव आन्किलोस्तोमा कानीनुम, कारण ते नपुंसकलिंगी. चा, ची, चं.

राहिली ती गाय. तिची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. खास गाईसाठी लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता, वाक्का. तिचं ते वाक्कीनुस. इंग्लंडमध्ये गवळणींना एक गोष्ट ठाऊक होती: गाईच्या आचळांवर उठणाऱ्या फोडांची लागण हाताला झाली, की त्या बाईला पुढे देवी येत नाहीत. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर या डॉक्टराने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेऊन आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडावर टोचला. साराला लागण झाली होती ती ब्लॉसम नावाच्या गाईपासून. १७९८ मध्ये जेन्नरने पुस्तक छापलं, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रोगाला लॅटिन नाव दिलं: वारिओले वाक्कीने, म्हणजे ‘गाईच्या देवी’. मग जे नेहमी होतं ते झालं. देवी हा शब्द गळाला, ‘गाईच्या’ उरला. तोच व्हॅक्सिन.

चार वर्षांत ही ‘गाईची’ मुंबईत पोचली. टिकाऊ बाटली नव्हती, बर्फ नव्हता. एकाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर, असं माणसांच्या साखळीने ती बगदाद, बसऱ्यामार्गे आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतातलं ते पहिलं लसीकरण. तिच्या दंडावरून आणखी मुलांना, मग पुण्याला, सुरतेला, मद्रासला.

मराठीने तिला नाव दिलं ते गाईवरून नाही. फोडातून, जखमेतून पाझरते ती लस. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जाताना लोकांना डोळ्यांनी दिसत होती ती लसच, आणि तेच नाव झालं. टोचण्याला म्हणायचे देवी काढणे. आपल्या आजीच्या दंडावरचा तो गोल व्रण म्हणजे ‘काढलेल्या देवी’.

१८८१ मध्ये लंडनच्या वैद्यकीय परिषदेत लुई पाश्चरने सुचवलं की जेन्नरच्या सन्मानासाठी कोणत्याही रोगावरच्या अशा टोचणीला व्हॅक्सिनच म्हणावं. तेव्हापासून शब्दातली गाय सुटली. कोंबड्यांना देतात ती गाईची, मेंढ्यांना देतात ती गाईची. आणि कुत्र्यांना जी टोचतात, तिला इंग्रजीत म्हणतात कॅनाइन व्हॅक्सिन. शब्दशः वाचलं तर तिथे एकही नाम नाही, नुसती दोन विशेषणं: कुत्र्याची, गाईची.